इराच्या बाबांचा उजवा हात

नेदरलँड्समधल्या निम्म्या लोकसंख्येच्या पाया पडून झालेला एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि ते म्हणजे इराचे बाबा. उरलेल्या निम्म्यांना त्यांचा पाय अजून लागलेला नाही, एवढंच. त्यांना चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त त्यांच्या कंपनीत आणि नगरपालिकेच्या कागदांवर चालतं. आमच्या न्यूनेन गावात मराठी घरं मोजकी, आणि सगळ्यांच्या ओळखी मुलांच्या शाळेच्या फाटकाशी झालेल्या. त्यामुळे माझ्या फोनमध्ये ते 'इराचे बाबा' आहेत आणि त्यांच्या फोनमध्ये मी 'नीलची आई'. तोंडाने मात्र ते मला 'वहिनी' म्हणतात, आणि माझ्या नवऱ्याला ते आजवर फार तर दोनदा भेटले असतील.

आता तुम्ही म्हणाल, चुकून पाय लागला की नमस्कार आपण सगळेच करतो. करतो की! मीही करते. पण मी माणूस बघून करते. शेजारी आपल्याकडची बाई बसली असेल तर हात आपोआप खाली जातो, आणि गोरा माणूस असेल तर मी नुसतं 'सॉरी' म्हणून मोकळी होते. उगाच त्याच्या गुडघ्याशी वाकून त्याला घाबरवायचं कशाला? इराच्या बाबांकडे असला भेदभाव नाही. माणूस, पिशवी, पुस्तक, लॅपटॉपची बॅग, शेजाऱ्यांचा म्हातारा कुत्रा, कशालाही पाय लागो, ते कमरेत वाकतात, उजव्या हाताची बोटं टेकवतात, ती कपाळाला नेतात आणि बोलणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करतात. आपण काही वेगळं केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. चष्मा वर सरकवावा तितकं ते सहज असतं.

यातून त्यांच्यावर जे प्रसंग ओढवले त्यांना अंत नाही. एकदा डेल्फ्टला शिकणाऱ्या भाच्याला भेटायला ते आगगाडीने निघाले. समोर बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या बॅगेला त्यांचा बूट लागला. हे वाकले आणि त्यांनी बॅगेला हात घातला. त्या पोराने बॅग हिसकावून छातीशी धरली आणि डबाभर सगळ्यांच्या माना वळल्या. दुसरा कुणी असता तर पुढच्या स्टेशनवर उतरून गेला असता. यांनी रॉटरडॅम येईपर्यंत त्या मुलाला सगळं समजावून सांगितलं: पाय म्हणजे काय, डोकं म्हणजे काय, विद्या म्हणजे काय आणि ती बॅगेत कशी असते. त्या मुलाशी त्यांची अशी गट्टी जमली की तो अजून त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो. शाळेत एकदा पालक विरुद्ध शिक्षक असा फुटबॉलचा सामना होता. इराचे बाबा बचावाला उभे होते. समोरून येणाऱ्या शिक्षकाच्या नडगीला त्यांचा बूट लागला आणि हे तिथल्या तिथे वाकले. ते शिक्षक भले गृहस्थ, पण खेळ तो खेळ. त्यांनी वाकलेल्या पाठीला वळसा घातला आणि चेंडू जाळ्यात मारला. आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो, तर हे शांतपणे म्हणाले, "गोल काय हो वहिनी, फिटेल. पण त्या माणसाला केवढं लागलं असेल."

कंपनीत त्यांचं काम यंत्रांमधली थरथर थांबवण्याचं आहे. आइंडहोव्हनच्या त्या यंत्रांत म्हणे एका भागाचा दुसऱ्याला इतकासा धक्का लागला तरी सगळं मुसळ केरात. ज्या माणसाने आयुष्यभर कशाचा कशाला धक्का लागू नये याचाच विचार केला, त्याला धक्क्याचं आपल्यापेक्षा जास्त वाटत असणार, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला आहे. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "छे हो, आमच्या घरी सगळेच करायचे."

हे सगळं इराला लहानपणी फार आवडायचं. ती मुद्दाम त्यांच्या पायाला पाय लावायची आणि बाबा वाकले की खिदळायची. पण पंधराव्या वर्षी मुलींना बाप एकदम दिसायला लागतो, आणि दिसायला लागला की तो नको तिथे दिसतो. इराला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर डचमध्ये किंवा इंग्रजीत देते. बाबांबरोबर सायकलवरून जाताना ती चार हात पुढे असते. सुपरमार्केटमध्ये ते एका रांगेत तर ही दुसऱ्या. त्यांना ते कळत होतं. ते कुणाला बोलले नाहीत, पण पूर्वी त्यांच्या प्रत्येक वाक्यात इरा असायची ती कमी झाली, हे माझ्या लक्षात आलं होतं.

अशात शाळेची स्कीची सहल ठरली. या सपाट देशात पूल सोडला तर चढ नाही, त्यामुळे हिवाळा आला की इथली माणसं ऑस्ट्रियाच्या डोंगरांकडे अशी धावतात की जणू त्यांचं तिथे काही राहून गेलंय. शाळाही मुलांना आठवडाभर तिकडे नेते, कुणी स्कीवर, कुणी स्नोबोर्डवर. बरोबर जायला पालक हवे होते. पालकसभेत शिक्षकांनी विचारलं आणि सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघू लागले. ती शांतता इराच्या बाबांना सहन झाली नाही. त्यांनी हात वर केला. मला बर्फाचा अनुभव फ्रीझर साफ करण्यापुरता, पण ते एकटेच कुठे जाणार, म्हणून मीही वर केला.

निघायच्या दिवशी बसपाशी इराने त्यांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या शेजारी, कारण मी तिच्या हिशेबात माणसांत धरली जात नव्हते. मैत्रिणींना कळू नये म्हणून ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तू तिथे ते करणार नाहीस. एकदाही नाही. माझा पूर्ण क्लास असणार आहे. प्रॉमिस कर. दू नॉर्माल, प्लीज." 'दू नॉर्माल' म्हणजे चारचौघांसारखं वाग. इथे हे तान्ह्या बाळापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना सांगतात. इराच्या बाबांनी लगेच होकार दिला नाही. हा माणूस शब्द देताना विचार करतो, कारण दिला की तो पाळायचा असतो अशी त्यांची समजूत आहे. मग म्हणाले, "बरं. एकदाही नाही." इरा लगेच मैत्रिणींकडे पळाली. बस सुटल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, आठवडाभर हात आवरला तर ती माझ्याशेजारी उभी तरी राहील हो. नाहीतर पुढच्या वर्षी 'सोडायलाही येऊ नकोस' म्हणेल." हे ते हसत म्हणाले, पण मला त्यातलं काही हसण्यासारखं वाटलं नाही.

आणि मग त्या माणसाने जो आठवडा काढला! पहिली परीक्षा भाड्याच्या बुटांच्या दुकानातच झाली. तिथले पांढऱ्या मिशांचे आजोबा यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी यांचा पाय धरला. वडीलधाऱ्या माणसाने आपले पाय धरायचे! इराचे बाबा चटका बसल्यासारखे उठले. आजोबांनी त्यांना बसवलं. हे पुन्हा उठले. एरवी त्यांनी आजोबांच्याच पायांना हात लावला असता, पण शब्द दिलेला. शेवटी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ते स्वतःच जमिनीवर बसले, म्हणजे निदान पातळी तरी एक झाली. आजोबा आणि हे असे समोरासमोर फरशीवर, मध्ये तो अवजड बूट, आणि मागे रांग दारापर्यंत गेलेली.

पुढे डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची रांग. स्की पायात चढवल्या की माणसाचे पाय दोन्हीकडे हातभर वाढतात आणि रांगेत प्रत्येकाचा पाय प्रत्येकाच्या पायावर असतो. इतरांना त्याचं काही नाही. इराच्या बाबांना मात्र मुंग्यांच्या वारुळावर उभं केल्यासारखं झालं. दर धक्क्याला त्यांचा उजवा हात उठायचा, आणि ते तो काठीसकट मागे ओढायचे. मग त्यांनी युक्ती काढली. कुणाला स्की लागली की ते जागेवर उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात सगळं करून घ्यायचे. शिकवणारी उंच मुलगी घाबरली. तिने विचारलं, चक्कर येते का? हे म्हणाले, "नो, नो. आय ॲम जस्ट फिनिशिंग समथिंग."

तारेला टांगलेल्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये तर ते बसलेच नाहीत. तिथे पाय खाली लोंबकळतात आणि खालच्या उतारावरून माणसं जात असतात. "म्हणजे माझे पाय त्यांच्या डोक्यावरून जाणार, वहिनी. आणि इथून हातही पोचायचा नाही." मी म्हटलं, "अहो, मग विमानात कसे बसता?" ते विचारात पडले, आणि विमानाचा विषय आपण काढायला नको होता असं मला वाटलं. तर लिफ्ट सोडून हे खांद्यावर स्की टाकून नवशिक्यांचा उतार पायी चढायचे. घामाघूम होऊन वर पोचायचे, मग पडत, उठत, गोल फिरत खाली यायचे, की पुन्हा चढायला सुरुवात. चढता चढता वाटेत बसलेल्या पोरांना उठवायचे, दमलेल्यांच्या स्की स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे, रडणाऱ्यांना खिशातली शेंगदाण्याची चिक्की द्यायचे. दोन-तीन दिवसांत वर्गातली सगळी मुलं त्यांना ओळखायला लागली. लिफ्टमधले अनोळखी लोकसुद्धा वरून हात करायचे. इराही त्याच लिफ्टने वरून जायची. ती खाली बघायची नाही. आणि हे मान खाली घालून चालायचे, म्हणजे तिला न बघण्याचे कष्ट पडू नयेत.

पण शब्द त्यांनी पाळला. जेवणाच्या खोलीत, बुटांच्या फडताळापाशी, बसच्या पायऱ्यांवर, कुठेही तो हात खाली गेला नाही. माझा मुलगा एकदा त्यांच्या पायावर पाय देऊन गेला तेव्हाही ते फक्त हसले, आणि हात खिशात घालून उभे राहिले. मला त्यांचं कौतुकही वाटायचं आणि कुठेतरी तुटायचंही. जमलं त्यांना. निघायच्या आदल्या दुपारी तर इरा जेवताना त्यांच्या टेबलावर येऊन बसली. काही बोलली नाही, पण बसली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू बक्षीस लागलंय.

त्याच दुपारी फोटोसाठी सगळा वर्ग उताराच्या पायथ्याशी जमला होता. इराचे बाबा आणि मी कडेला उभे होतो. इरा वरून स्नोबोर्डवर आली. वर्गासमोर एकदम आडवं होऊन, बर्फाचा फवारा उडवून थांबायचं असा तिचा बेत होता. आठवडाभर तिने तेवढंच घोटवलं होतं. पण शेवटच्या क्षणी बोर्डाची कड निसटली आणि ती थेट बाबांवर येऊन आदळली. दोघं एकमेकांत गुंतून थोडे घसरत गेले आणि थांबले. कुणी हसलं नाही, कारण इराचे बाबा ज्या हातावर पडले होते तो मनगटापाशी भलत्याच दिशेला वळलेला आम्हाला सगळ्यांना दिसत होता. हातमोजा कुठेतरी उडून गेला होता.

ते उठून गुडघ्यांवर आले. त्यांच्या स्कीचं टोक इराच्या बुटावर पडलं होतं. त्यांनी ते पाहिलं. आणि तोच हात, तो वाकडा झालेला उजवा हात पुढे गेला, बोटं इराच्या बुटाला टेकली आणि कपाळाला लागली. सगळ्या वर्गासमोर. डावा हात शाबूत होता, पण नमस्कार डाव्या हाताने करत नाहीत. मग त्यांच्या एकदम लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सॉरी गं पिल्लू," ते म्हणाले, "मी कबूल केलं होतं. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"अहो, हात बघा तुमचा!" मी ओरडले. त्यांनी हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे आणि चुकून त्यांच्याकडे आला आहे.

इरा पांढरीफटक पडली होती. बोर्ड पायात तसाच, ती बर्फात सरकत त्यांच्याजवळ गेली, आणि वर्गासमोर तिच्या तोंडून मी प्रथमच मराठी ऐकलं. "बाबा, मी तुला धडकले. मी! मग तू कशाला?"

"कुणाचा कुणाला लागला हे बघत बसलं तर वाकायचं राहून जातं गं," ते म्हणाले, आणि मग त्यांना खरंच दुखायला लागलं.

बचाव पथकाच्या घसरगाडीवर त्यांना बांधून नेलं. झोपवल्यावर त्यांचे पाय पुढच्या माणसाच्या पाठीकडे होत होते. ते फिरवता येतील का असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि मग इंजेक्शनने त्यांना गप्प केलं. शिक्षक त्यांच्याबरोबर दरीतल्या हॉस्पिटलात गेले. इराला जायचं होतं, पण गाडीत जागा नव्हती. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत ती माझ्याशेजारी बसली होती आणि ताटाला हात लावत नव्हती. समोरून डान नावाच्या एका उंच मुलाने डचमध्ये विचारलं, "तुझ्या बाबांनी तुझ्या बुटाला काय केलं?" सगळी खोली ऐकू लागली. ज्या प्रश्नाला ती आठवडाभर घाबरत होती तो हाच. मला वाटलं, आता म्हणेल, काही नाही, बूट नीट केला.

इराने काटा खाली ठेवला. मला डच जेमतेम येतं, पण ती इतकं सावकाश बोलली की मलाही कळलं. ती म्हणाली, "आमच्याकडे माणसाला पाय लावत नाहीत. पाय आपण जमिनीवर ठेवतो. तो तुला लागला म्हणजे एक क्षण मी तुला जमीन समजले. मग हात लावून सांगायचं, की नाही, तू जमीन नाहीस." हे तिला कुणी शिकवलं मला माहीत नाही. बाबांनी तर नक्कीच नाही, ते नुसते वाकतात.  डानने विचारलं, "कुत्र्यालाही करतात?" इरा म्हणाली, "कुत्र्यालाही." तेव्हा कुठे सगळे हसले, आणि ती जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी इराचे बाबा प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून बसमध्ये बसले, आणि त्यांच्या शेजारची जागा इराने कुणाला दिली नाही. न्यूनेनला पोचलो तेव्हा शाळेच्या अंगणात घ्यायला आलेल्यांची ही गर्दी. कुणाचे आईवडील, कुणाचे आजीआजोबा, सामानाचे ढीग. उतरताना इराच्या बाबांचा बूट कुणाच्या तरी आजोबांच्या बुटावर पडला. ते थबकले. उजवा हात झोळीतच थोडा हलला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. डावा हात अर्ध्यावर गेला आणि मागे आला. आजोबा 'असू दे, असू दे' म्हणत होते, मागची मुलं उतरायला थांबली होती, आणि हे तिथेच उभे, पुढेही जाता येईना आणि वाकताही येईना. इराने पाठीवरच्या दोन्ही बॅगा खाली टाकल्या. ती वाकली, आजोबांच्या बुटाला तिने हात लावला, आणि तो हात वर नेऊन बाबांच्या कपाळाला टेकवला. त्यासाठी त्यांनी मान जराशी खाली केली. अख्खा वर्ग बघत होता. मग तिने बॅगा उचलल्या आणि म्हणाली, "चल बाबा, आई थांबलीये."

प्लास्टर होतं तोवर न्यूनेनच्या बाजारात हे दृश्य आम्ही बरेचदा पाहिलं. त्यांचा पाय आणि तिचा हात. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. माझ्या मुलाने मला कधी 'तू तिथे ते करू नकोस' असं म्हटलं नाही. त्याला लाज वाटावी असं मी काही अंगावर ठेवलंच नव्हतं, इथे आल्याबरोबर मी चारचौघांसारखी झाले होते. त्याची माझी कधी भांडणं झाली नाहीत, आणि तो माझ्याकडून काय घेऊन जाणार हेही मला सांगता येत नाही.

इरा आता डेल्फ्टला शिकते आणि तिथेच खोली घेऊन राहते. इराचे बाबा परवा मला चीजच्या गाड्यापाशी भेटले. माझ्या पिशवीला त्यांचा पाय लागला, ते वाकले, बोटं टेकवून कपाळाला नेली. मनगट जरासं वाकडंच बसलंय, पण काम देतं. मी म्हटलं, "हात छान बरा झाला हो तुमचा." त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"बरा झाला खरा," ते म्हणाले. "पण फार लवकर झाला, वहिनी. प्लास्टर होतं तोवर ती कशी शेजारून चालायची."